ब्रूनो आणि शिरढोणची आत्या

कुत्रा पाळायचा हे आमच्या घरात कोणी ठरवलं नव्हतं. बंगला ठरवून बांधला होता, त्याच्या रंगावरून दोन महिने वादावादी झाली होती, आणि फाटकाच्या खांबांवर सिंह बसवायचे की गरुड, या प्रश्नावर बाबा आणि धाकटे काका आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी सिंह बसले. कुत्रा मात्र असाच आला. एका दुपारी बाबा गाडीतून उतरले आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काळं, गरम, झोपाळू त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. "रॉटवायलर हाय," ते म्हणाले. शब्द वाटेत चांगलाच घोकलेला असणार, कारण तो एका दमात आला. "जातिवंत. कागद हायत त्याचे." आई चुलीपुढून म्हणाली, "आपले तरी कागद धड हायत काय?" बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पिल्लाच्या डोळ्यांवर दोन तपकिरी ठिपके होते. त्याने माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरलं ते झोपेतसुद्धा सोडलं नाही. मी तेव्हा नववीत होते.

आमचं गाव पनवेलजवळ, कोन गावाच्या पलीकडे, एक्स्प्रेसवेच्या कडेला. थोडी जमीन रस्त्यात गेली, थोडी बिल्डरने घेतली, आणि दोन खोल्यांच्या कौलारू घरातून आम्ही एकदम ग्रॅनाइटच्या ओट्यावर आलो. आईला तो ओटा कधीच रुचला नाही. त्यावर तिने मिक्सर, देवीचा फोटो आणि पुढे ताईच्या लग्नाची पत्रिका छापायचे नमुने ठेवले, आणि स्वतः बंगल्याच्या मागे पत्र्याखाली चूल मांडून बसली. तांदळाच्या भाकऱ्या तिथेच थापल्या जायच्या, सुकट तिथेच भाजली जायची, कपडे तिथल्याच दगडावर आपटले जायचे. त्यामुळे सगळं गाव मागच्या दाराने यायचं. मासळीची पाटी, आमचं मावरं, घेऊन येणारी मावशी, पीठ मागायला आलेली शेजारीण, कोणाच्या घरी काय बिनसलं ते सांगायला आलेल्या बायका. कोणी हाक मारत नसे, कडी वाजवत नसे. पुढच्या दाराला बाबांनी पाखरासारखी गाणारी बेल बसवली होती, ती फक्त विमा एजंट आणि मतं मागणारे वाजवायचे. दिवसभर घरात दोनच आवाज भरून असायचे, हायवेवरच्या ट्रकांचा आणि आईच्या भाकरी थापण्याचा, आणि तिसरा आवाज आला की समजायचं, शिरढोणची आत्या आली.

शिरढोणची आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो, पण त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर सगळं धवलारणीच्या तोंडून होतं. मांडव घालताना, हळद दळताना, नवरीला न्हाऊ घालताना ती धवले गाते, त्यात देवांना बोलावणं करते, घरातल्या मेलेल्या-जिवंत सगळ्यांची नावं घेते, आणि तिने सूर धरल्याशिवाय कोणी मुसळाला हात लावत नाही. आत्याचा आवाज गोड नव्हता, हे मी प्रेमापोटीही लपवणार नाही. जाड होता, जरा घोगरा. पण ती गायला लागली की पत्ते कुटणारे पुरुषसुद्धा हळू बोलायचे. सबंध खाडीपट्ट्यात तिला बोलावणी असायची. ती बाबांना सगळ्यांदेखत "तू गप रे" म्हणू शकणारी एकमेव व्यक्ती होती. बंगल्याच्या वास्तुशांतीला तिने सगळ्या खोल्या फिरून बघितल्या आणि म्हणाली, "चांगला हाय. पन बसायला कुटं?" मग मागे आईपाशी चुलीजवळ येऊन बसली.

पिल्लाचं नाव ब्रूनो ठेवलं गेलं, आत्या त्याला बुरणू म्हणायची. पहिल्या महिन्यात तिने त्याला एकदा मांडीवर घेतलं तेव्हा बाबांनी तिच्या हातातून तो काढून घेतला. "सगल्यांचे हात लागले का कुत्रा मऊ पडतो," असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि बाबांना एकदा कोणी काही सांगितलं की ते दगडावरची रेघ. घरात नियम झाला. ब्रूनोला हात लावायचा तो बाबांनी आणि मी. मी का, तर खायला घालायला कोणीतरी हवंच होतं आणि आई त्याला घाबरायची. सकाळी कोंबडीच्या मुंड्या आणि कणीचा भात मी शिजवायचे, संध्याकाळी त्याला गच्चीवर फिरवायचे. बाकी पूर्ण दिवस तो फाटकाजवळ साखळीला. गावातून तो कधी चालला नाही. त्याने कधी लग्नाची वरात बघितली नाही, शाळा सुटताना ओरडणारी मुलं जवळून बघितली नाहीत, म्हातारी माणसं, काठी टेकणारी माणसं, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका यांतलं काही त्याच्या ओळखीचं नव्हतं. दीड वर्षात तो माझ्या कमरेपर्यंत आला, आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं की पाय बधिर व्हायचा. माझ्यापाशी तो इतका लबाड, लाडिक होता की मी शाळेतून आले की पोटावर सरपटत यायचा. मला वाटायचं, हाच खरा ब्रूनो, आणि फाटकावर भुंकतो तो उगाच सोंग करतो. या समजुतीबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

संध्याकाळी बाबांचे मित्र आले की पोत्याचा कार्यक्रम व्हायचा. माझा चुलतभाऊ दिनेश हाताला गोणपाटाचं पोतं गुंडाळायचा आणि ब्रूनोसमोर नाचवायचा. बाबा साखळी धरून "घे!" म्हणायचे. ब्रूनो झेप घ्यायचा, पोतं धरायचा आणि मान झटकायचा, आणि दिनेश हसत-ओरडत मागे फरफटत जायचा. मित्र खुर्च्यांवरून टाळ्या पिटायचे. दिनेश पोतं सोडून द्यायचा, मग ब्रूनो ते घेऊन अंगणभर मिरवायचा, आणि बाबा त्याला मटणाचा तुकडा द्यायचे. मी पायरीवर बसून बघायचे आणि मलाही अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू? मैत्रिणींना मी ते तिखटमीठ लावून सांगायचे.

पनवेलच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे आम्ही त्याला इंजेक्शनं द्यायला न्यायचो. डॉक्टर सावकाश बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून बोटांनी बघणारे गृहस्थ होते. ब्रूनो त्यांच्या कंपाउंडरवर धावून गेला तेव्हा त्यांनी विचारलं, घरी काय शिकवता याला? बाबांनी फुशारकीने पोत्याची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे आजपासून बंद करा. आणि रोज बाहेर काढा, माणसं दाखवा, बायकामुलं दाखवा. घरी पाहुणे आले की याच्या तोंडाला मुसकी असली पाहिजे. हा कसा निघतो ते ऐंशी टक्के तुमच्यावर आहे, वीस टक्के त्याच्यावर." बाबा हसले. "डॉक्टर, मुसकी बैलाला घालतात. वाघाला नाय." गाडीत बसल्यावर म्हणाले, "घाबरट मानूस हाय." मीही हसले. डॉक्टरांनी दिलेली चामड्याची मुसकी गाडीच्या कप्प्यात पडून राहिली, आणि बाबांनी फाटकावर लाल अक्षरांत "कुत्र्यापासून सावध" अशी पाटी लावली. आपली जबाबदारी पाटीने उरकते, असं आम्हाला वाटत होतं. आणि पाटी लावली होती पुढच्या फाटकाला.

मी आता खारघरला बाराव्या मजल्यावर राहते. लिफ्टमध्ये कधी कोणाचा दांडगा कुत्रा असतो, त्याचा पट्टा मोबाइलवर बोलणाऱ्या मालकाच्या करंगळीत असतो, आणि मी कोपऱ्यात सरकले की मालक गोड हसून म्हणतो, "काकू, तो काही करत नाही." मी मान हलवते. तो खरंच काही करत नसेल. पण त्या मालकाच्या चेहऱ्यावरचा तो विश्वास माझ्या ओळखीचा आहे, आणि घरी येऊन मी पाणी पिते. परवा माझ्या धाकट्या मुलीने कुत्र्याचं पिल्लू मागितलं. मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, आधी एक गोष्ट लिहून देते, ती वाच, मग सांग.

मी अकरावीत असताना ताईचं लग्न ठरलं. मांडवाच्या सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या अंगणात मांडववाले बांबू आणि पत्रे उतरवत होते, दणादण आवाज, आणि फाटकाजवळ ब्रूनो साखळीवर उभा राहून पिसाळल्यासारखा भुंकत होता. त्याचा गळा सोलवटला होता. बाबा मला म्हणाले, "मने, त्याला पिंजऱ्यात घाल आनि कडी लाव." पिंजरा गॅरेजच्या बाजूला होता, वर पत्रा, उन्हाने तापलेला. मी त्याला तिथपर्यंत नेलं. तो दारात अडून बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. मला दया आली. मी त्याला मागे नेलं, धुण्याच्या दगडाजवळ, जिथे नारळाची सावली होती, आणि तिथल्या लोखंडी खांबाला लांब साखळीने बांधलं. पाण्याची बादली ठेवली. तो लगेच शांत झाला, पाय पसरून पडला. आई आणि बायका त्या वेळी मांडवासाठी उंबराचा डहाळा आणायला गेल्या होत्या, चूल विझलेली होती, मागे कोणी नव्हतं. मी कोणालाही सांगितलं नाही. सांगायचं मनात होतं. तेवढ्यात ताईने हाक मारली की कासार आलाय, बांगड्या भरायला बस.

कासाराने माझा हात दाबून, बोटं मुडपून, हिरव्या काचेच्या बांगड्या चढवायला घेतल्या. चार चढल्या होत्या. पाचवी अंगठ्याच्या हाडावर अडकली होती आणि मी डोळे मिटून ओठ चावत होते, तेव्हा मागून साखळी ताणल्याचा आवाज आला. भुंकणं नाही. तो परक्यांवर भुंकायचा. पोत्यावर जाताना तो कधीच भुंकायचा नाही. मी हात हिसडला, बांगडी फुटली, आणि मी धावले.

आत्या नेहमीसारखी मागून आली होती. भाचीच्या मांडवाला आपल्या शेतातले तांदूळ न्यायचे हा तिचा शिरस्ता होता, ताईच्या आधी तीन चुलत बहिणींच्या लग्नांतही तिने नेले होते. मिनीडोर रिक्षातून उतरून, गल्लीने, मागच्या अंगणात, छातीशी दोन्ही हातांनी धरलेली तांदळाची गोणी घेऊन ती आली होती. गोणपाटाची गोणी. ब्रूनोने काय बघितलं हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं जगात कोणाला नाही. त्याने गोणी धरली. गोणी फाटली, मग दंड आला, आणि आत्या खाली वाकली तेव्हा तिचा चेहरा आला. मी त्याच्या अंगावर पडून "सोड, ब्रूनो, सोड!" ओरडले, आणि त्याने सोडलं. माझ्या एका शब्दावर सोडलं. मग शेपूट हलवत, तोंडात गोणपाटाचा तुकडा घेऊन, तो तांदळावरून फिरायला लागला आणि माझ्याकडे बघायला लागला, की आता मटणाचा तुकडा कधी मिळतो.

आत्याला दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? बाबा म्हणाले, "साखळी तुटली." मी शेजारीच उभी होते, एका हातात चार बांगड्या घालून. साखळी तुटली नव्हती. बाबांना ते माहीत होतं, कारण त्यांनीच खांबाजवळ येऊन ती हातात धरली होती. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी मला वाचवलं की स्वतःला, हे मी कित्येक वर्षं चघळत राहिले. आता वाटतं, त्यांनाही ते माहीत नसेल. डॉक्टरांनी पुढे विचारलं, कुत्र्याला रेबीजचं इंजेक्शन दिलंय? बाबा "हो" म्हणाले, आणि आई पहिल्यांदाच बाहेरच्या माणसासमोर त्यांच्यावर उलटली. "नाय दिलं. औंदा लग्नाच्या घाईत राहिलं. खरं सांगा." मग आत्याच्या जखमांभोवती सुया टोचल्या, आणि ब्रूनोला दहा दिवस पिंजऱ्यात ठेवून नजर ठेवायला सांगितलं गेलं. त्याला काही झालेलं नव्हतं. तो आजारी नव्हताच.

लग्न पुढे ढकलता येईना. ताईची हळद दुसऱ्या गावच्या धवलारणीने गायली. बाई चांगली होती, पण आमच्या मेलेल्या माणसांची नावं तिला येत नव्हती, कोणीतरी तिच्या कानात एकेक सांगत होतं आणि ती गाण्यात घालत होती. ताईने रडून रडून हळद ओघळवली. बायका म्हणाल्या, सासरी जायचं म्हणून रडते. आत्याचा दंड दोन महिन्यांत भरून आला. गाल शिवला गेला, पण ओठाचा उजवा कोपरा खालीच राहिला. ओठ मिटत नव्हते. बोलताना हवा निसटायची, गायचा तर प्रश्नच नव्हता. बोलावणी यायची थांबली. ती ज्यांच्या लग्नांत गायली त्यांच्या मुलींच्या लग्नाच्या पत्रिका येत होत्या, नुसत्या पत्रिका.

ब्रूनो पिंजऱ्यातच राहिला. मी त्याला खायला घालत होते, बाबा त्याच्याकडे फिरकत नव्हते. पोत्याचा कार्यक्रम बंद झाला, बाबांचे मित्रही बंद झाले. दिनेश येऊन पिंजऱ्यापासून लांब उभा राहायचा आणि निघून जायचा. नातेवाइकांनी मारून टाका म्हणून सांगितलं, त्यावर बाबा ताडकन उठून आत जायचे. मग एका रविवारी कळंबोलीच्या बाजूला गोदाम असलेले एक शेठ टेम्पो घेऊन आले. राखणीला कुत्रा हवा होता. बाबांनी त्यांना पुढच्या दाराने घेतलं, चहा दिला, कागद दाखवले. शेठ खूश होते. पिंजऱ्याबाहेरून त्यांनी ब्रूनोला न्याहाळलं आणि सहज विचारलं, "चावत वगैरे नाही ना? आमच्या वॉचमनची बायको तिथेच राहते, दोन लहान पोरी आहेत. दिवसभर गोण्यांवरच खेळत असतात."

बाबा म्हणाले, "छे. घरच्या मानसासारखा हाय."

गोण्या हा शब्द ऐकला आणि मी शेठच्या समोर आले. मला आजही आठवतं की मी बोलायचं ठरवलं नव्हतं. शब्द आधी बाहेर आला. "काका, तो चावलाय."

शेठ वळले. बाबांच्या हातातला कप तसाच राहिला.

"माझ्या आत्याला. तोंडाला. साखळी तुटली नव्हती, मीच त्याला मागच्या दारात बांधला होता. गोणी बघितली की तो धरतो. आमीच शिकवलंय त्याला. तिथे नका नेऊ."

शेठ भला माणूस असावा. त्यांनी आरडाओरडा केला नाही. बाबांकडे बघून एवढंच म्हणाले, "पाटील, पोरी आहेत हो तिथे," आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले. बाबांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले, मी पोत्याचा खेळ बघायला बसायचे त्याच पायरीवर, आणि म्हणाले, "मी नाय बोलू शकलो. तू बोललीस. आता त्याचं काय करायचं तेपन तूच सांग."

मी पनवेलच्या डॉक्टरांकडे गेले. मला वाटत होतं ते चिडतील, निदान मी सांगितलं होतं असं तरी म्हणतील. त्यांनी तसं काही केलं नाही. त्यांनी मला बसवलं आणि सगळं विचारलं. रोज दोन वेळा मुसकी घालून फिरवायला कोण आहे? मी. तू बारावीनंतर कुठे असशील? माहीत नाही. मग कोण? आई त्याच्या जवळ जात नाही. वडील? ते फिरकत नाहीत. ताईला मूल झालं की माहेरी येईल, तेव्हा दोन दारांच्या आड कोण ठेवेल, आणि एकदाही न विसरता? दहा वर्षं. आणखी दहा वर्षं, एक दिवसही न विसरता. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या दोन माणसांना विचारून बघितलं, एक शिकवणाराही येऊन पिंजऱ्याबाहेर तासभर बसून गेला. पाच मिनिटं पोतं दाखवून बघितल्यावर त्याने मान हलवली. पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "मला हे करायला आवडत नाही. पण तू म्हणशील तर करीन. तुझ्या वडिलांची सही लागेल."

बाबांनी सही केली. गाडीही चालवली, पण दवाखान्याबाहेर थांबवून ते स्टिअरिंग धरून बसले, उतरलेच नाहीत. गाडीच्या कप्प्यातून मी मुसकी काढली. नवी कोरी होती. मला वाटलं, तो झटापट करेल. त्याने तोंड पुढे केलं आणि मी बक्कल लावेपर्यंत स्थिर उभा राहिला, कारण मी लावत होते. इतकं सोपं होतं ते. टेबलावर मी त्याच्याशेजारी चढून बसले आणि त्याने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं, नेहमीसारखं जड. डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन झोपेचं दिलं. मी त्याच्या कानामागे खाजवत राहिले. तो घोरायला लागला. दुसऱ्या इंजेक्शननंतर घोरणं थांबलं, आणि माझा पाय मात्र बधिरच होता, मला उठताच येईना. मी डॉक्टरांसमोर मोठमोठ्याने रडले. त्याने काहीच चूक केली नव्हती, हे मला ओरडून सांगायचं होतं, आणि सांगण्यासारखं समोर कोणी नव्हतं. आम्ही त्याला नारळाखाली पुरलं. खड्डा बाबांनी एकट्याने खणला.

त्यानंतर मी शिरढोणला गेले, कोणाला न सांगता. आत्या ओटीवर सुका जवळा, ती बारीक कोळंबी, निवडत बसली होती. मला बघून तिने पदर तोंडावर घेतला. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, बसले असते तर सांगता आलं नसतं. म्हटलं, साखळी तुटली नव्हती. बाबांनी पिंजऱ्यात घालायला सांगितलं होतं, मीच त्याला मागच्या दारात बांधलं आणि कोणाला बोलले नाही.

"मना म्हाईत हाय," आत्या म्हणाली. शब्द पदरातून ओले, सैल येत होते, नीट कान द्यावा लागत होता. "साखली तुटली असती तर मी सरकले तवा तो मागं आला असता. तो आला नाय. साखली त्याला मागं खेचत होती. मी पडल्या पडल्या बगत होते."

"मग तू बोलली का नाय?"

"माजा भाऊ चार मानसांत बोलला होता. त्याला खोटा पाडू?" तिने जवळ्यातला एक खडा काढून टाकला. "कुत्रा कुटं हाय आता?"

"गेला. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. मी होते जवल."

आत्याचे हात थांबले. ती शांतपणे ऐकेल, बरं झालं म्हणेल, असं मी धरून चालले होते. तिने पदर खाली घेतला, आणि मी पहिल्यांदा तिचा चेहरा पूर्ण उजेडात बघितला. "मारलात त्याला?" ती म्हणाली. "मग माजं तोंड सरल झालं काय गं?"

त्या वॉचमनच्या पोरी वाचल्या, असं मी स्वतःला सांगते, आणि ते खरंच आहे. पण आत्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. मी रडत म्हटलं, आत्या, घरी ये गं एकदा. ती म्हणाली, "राग नाय माजा कोनावर. पन पाय उचलत नाय. गल्लीच्या तोंडाशी आले का पाय उचलत नाय." ती पुढे पंधरा वर्षं जगली आणि आमच्या घरी आली नाही. बाबा तिला भेटायला जायचे, ओटीवर बसायचे, परत यायचे.

मी निघाले तर तिने जाऊ दिलं नाही. घरी आलेलं पोर उपाशी पाठवणं तिला ठाऊकच नव्हतं. तिने भात उतरवला, जवळ्याची आमटी केली, मला ओटीवर ताट वाढलं, आणि स्वतःचं ताट घेऊन आतल्या खोलीत गेली. दार ओढून घेतलं. मला वाटलं, काही आणायला गेली. मग आतून तिच्या जेवण्याचा आवाज यायला लागला. ओठ मिटत नसलेल्या माणसाचा जेवण्याचा आवाज, मध्येच थांबून पुसण्याचा, परत सुरू होण्याचा. कुठल्याही घरात पंगतीत मधोमध बसून जेवणारी, जेवताना सगळ्यांना हसवणारी माझी आत्या. मी हातातला घास तसाच धरून बसले. मग ताट उचललं, दार ढकललं आणि आत गेले. तिने मला बघितलं. जा म्हणाली नाही. फक्त जागेवरच वळली, भिंतीकडे तोंड केलं. मी तिच्या मागे जमिनीवर बसले, आणि तिच्या पाठीकडे बघत, सगळा भात खाल्ला.